वहीतली अमानत

आमचं दुकान जालन्याच्या मोंढ्याजवळ. पाण्याच्या मोटारी, पीव्हीसी पाईप आणि ठिबकचं सामान. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडचे मोसंबीवाले शेतकरी आमचे जुने गिऱ्हाईक. कोणाच्या विहिरीवर किती हॉर्सपॉवरची मोटार, कोणाची उधारी कापसावर फिटते, कोणाची मोसंबीवर, हे सारं अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लाल वहीत असायचं. त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत आमच्या ह्यांनी एका शेतकऱ्याकडे चार लोकांसमोर उधारी मागितली. त्याने ती आधीच फेडली होती. तो माणूस काही न बोलता निघून गेला. अब्बा दोन रात्री झोपले नाहीत. तेव्हा ठरलं, गिऱ्हाइकांची सगळी माहिती एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याला सीआरएम म्हणतात, ते घ्यायचं.

बसवून देणारा सल्लागार ओळखीतून मिळाला. सगळ्यात स्वस्तही तोच. त्याने विचारलं, "तुमची पाइपलाइन किती मोठी आहे?" अब्बा म्हणाले, "दोन इंचीपासून सहा इंचीपर्यंत सगळी आहे." आम्ही खूप हसलो. त्याच्या भाषेत पाइपलाइन म्हणजे चौकशीपासून विक्रीपर्यंत वाटेत असलेले व्यवहार. पण त्याने ते समजावलं नाही, आमचं काम कसं चालतं तेही विचारलं नाही. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

त्याने खातं स्वतःच्या ईमेलवर उघडलं. चार महिन्यांनी पैशांवरून बिनसलं आणि त्याने फोन उचलणं सोडलं. नऊशे नावं, फोन नंबर आणि उधाऱ्या त्याच्याकडेच राहिल्या. अब्बांनी वही लिहिणं सोडलं नव्हतं, म्हणून दुकान चाललं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, पैसे गेले ते आपले होते. ही नावं आपली नव्हती. लोकांनी विश्वासाने दिली होती."

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, हे सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत सांगितलं आहे. लिहिलेलं सांभाळणं हीही अमानतच. देशात 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण अब्बांना त्यासाठी कायद्याची गरज नव्हती.

दुसऱ्या वेळी निवड करायला मीही बसले. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. खातं कोणाच्या नावावर राहील? उद्या तुम्हाला सोडलं तर सगळी माहिती एक्सेलमध्ये काढता येईल का? आत्ता काढून दाखवा. काउंटरवरच्या मुलाला उधारी दिसेल का? सॉफ्टवेअर कंपनीकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? शिकवायला किती दिवस याल? शेवटच्या दोन प्रश्नांवर दोघे जण चिडले.

तिसरी छत्रपती संभाजीनगरहून आलेली एक मुलगी. पहिल्या दिवशी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. वही मागितली आणि अब्बांजवळ बसली. "काका, काही नावांपुढे ही फुली कसली?" अब्बा म्हणाले, "त्या घरी यंदा मागायला जायचं नाही. कुठे मयत झाली, कुठे बाग वाळली."

तिने त्यासाठी एक वेगळा रकाना केला, 'आठवण देऊ नये'. आधी पन्नास नावांवर महिनाभर चालवून पाहिलं, मग बाकीची भरली. खातं आमच्या नावावर आहे. दर महिन्याला मी सगळी यादी काढून घरी ठेवते.

दुकान लहान असो वा मोठं, सल्लागार निवडताना तो काय दाखवतो यापेक्षा काय विचारतो ते पाहा. आणि तो निघून गेल्यावर आपल्या हाती काय राहील, हे आधीच ठरवून घ्या.

उधारीची आठवण आता मोबाईलवर आपोआप जाते. पाठवण्याआधी अब्बा चष्मा लावून तो एक रकाना मात्र स्वतः तपासतात. यंदा त्यात अकरा घरं आहेत.