मोहरीची उशी

बाबांना वाचनाचा कंटाळा आलाय, असं आम्ही घरात दीड वर्ष समजत होतो.

तसं ते पटण्यासारखं नव्हतं. जेवण झालं की लोखंडी कॉटवर आडवं व्हायचं, गुडघे उभे करायचे, त्यांना पुस्तक टेकवायचं आणि तासभर वाचायचं, हा त्यांचा नेम. 1848 साली सुरू झालेल्या पुणे नगर वाचन मंदिराचे ते जुने सभासद. पुढे बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी बोनसमधून टॅब आणला. पंधरा दिवस वाचलं आणि टॅब कपाटावर गेला. "त्यात मजा नाही गं," म्हणाले. मला वाटलं, कागदाचा वास वगैरे आठवत असेल.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री धप्पकन आवाज आला. सकाळी बघते तर बाबांच्या नाकावर लाल वळ. टॅब तोंडावर पडला होता. म्हणजे आम्ही झोपल्यावर हे वाचत होते!

आमचं घर कसब्यात, तांबट आळीत. बाबांनी चाळीस वर्षं मठारकाम केलं. बंब, घंगाळं, पातेली. तांब्यावर ठोक्याशेजारी ठोका बसवत जायचं. त्या आवाजाने कान जातात हे आळीत सगळ्यांना माहीत असतं, आमच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलतात. बोटांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. बाबांची मूठ सकाळी वळतच नाही. त्यात हातोडीचा जाड दांडा मुठीत धरणं वेगळं आणि पातळ काच चिमटीत धरणं वेगळं. चिमटीत सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी येतो. अर्ध्या किलोचा टॅब पेलवत नाही हे लेकीला सांगण्यापेक्षा कंटाळा आला म्हणणं त्यांना सोपं वाटलं असणार.

मग मी इंजिनिअरसारखी कामाला लागले. एक्सेल शीट केली, रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू वाचले.

पहिला आला लवचिक मानेचा स्टँड, कॉटच्या पाइपला पकडणारा. स्क्रीनला बोट लावलं की ती विसर्जन मिरवणुकीतल्या झेंड्यासारखी डुलायची. त्यात पुस्तकं पीडीएफमध्ये. पीडीएफचं अक्षर मोठं केलं की अख्खं पानच मोठं होतं, मग प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवत वाचायची. जितकं सरकवणं, तितकं डुलणं. (ईपब घेतलं तर ओळी स्क्रीनच्या रुंदीत नव्याने बसतात. कोणासाठी स्टँड घेणार असाल तर आधी हे करा, निम्मी कटकट तिथेच संपते.) पण खरा घोळ वेगळाच होता. कोन बदलायला एक बारीक स्क्रू पिळावा लागायचा, आणि पिळायलाच तर बोटं नव्हती.

दुसरी, फोमची तिकोनी उशी. तीन बाजू, तीन कोन. मांडी घालून बसणाऱ्याला उत्तम. बाबा आडवे. डोकं दोन उशांवर असलं की स्क्रीन बरीच उभी लागते, आणि तेवढ्या कोनात टॅब खालच्या छोट्या कठड्यावरून घसरायचा. परत पाठवली.

हे सगळं आई बघत होती. एक दिवस म्हणाली, "तुला लहानपणी ज्यावर निजवायचे, तसलं काहीतरी हवंय यांना."

मोहरीची उशी. बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ती. दाणे सरकतात, जे टेकेल त्याचा आकार घेतात. बाजारात बीनबॅगवाले टॅबस्टँड मिळतात त्यांचं तत्त्व नेमकं हेच, आत फक्त थर्माकोलचे मणी. माझ्या शीटमध्ये तेही होते, चौथ्या ओळीत. मोहरी कधी सुचलीच नसती.

आईने जुन्या सुती साडीची पिशवी शिवली. मी पूर्ण भरायला निघाले तर तिने हात धरला. ठासून भरली तर दाणे हलणार कसे? पाऊण भरली. पुढच्या कडेला कापडाची जाड वळकटी शिवून टाकली, टॅब अडायला. मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: पावणेदोन किलो. पोटावर जड झाली असती, पण बाबांच्या उभ्या गुडघ्यांना टेकून मांड्यांवर ती आपसूक बसते, वजनामुळे हलतही नाही.

पहिल्या रात्री मी कोन लावून द्यायला पुढे झाले. बाबांनी मला थांबवलं. मनगटाने उशीचा एक कोपरा दाबला, कोपराने दुसरा ढकलला. टॅब उभा राहिला. मग मधल्या बोटाचं पेर स्क्रीनला लावून पान उलटलं. पेर चालतं हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं, त्या चोरून वाचायच्या रात्रींमध्ये. स्क्रीन फिरू नये म्हणून रोटेशन लॉक तेवढं मी केलं.

"हात दुखतात हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. ऐकू गेलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. मी परत मोठ्याने नाही विचारलं.

तक्रारी चालू आहेत. शिवण एका बाजूला वाकडी गेलीये, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आईची तक्रार उजेडाची. परवा रात्री दीड वाजता तिने भिंतीपलीकडून दिवा घालवा म्हणून हाक मारली, आणि बाबांनी अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सातच पानं राहिलीत!"