मातीला गेलो नाही

2020 साली आमच्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. 23 मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्द केला. मुलं खूश. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, भूगोलाशी माझा तसा संबंध नाही. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या मधे एक हद्द आहे, हे मला त्याच वर्षी कळलं. त्याआधी एसटीत बसलो की लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर आणि मग अब्बांचं घर. हद्द कुठे लागते ते कधी बघितलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये शिक्षकांना चेकपोस्टच्या ड्यूट्या लागल्या. मला नेमकी त्याच रस्त्यावर. एक मांडव, टेबल, रजिस्टर, ताप मोजायचं यंत्र. पोलीस गाडी अडवायचे, आम्ही नाव, गाव, कारण लिहायचो. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या बातम्या टीव्हीवर रात्रंदिवस चालू होत्या. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं माझं नाव वाचून एक दुचाकीवाला म्हणाला, "ते यंत्र दुसऱ्याला धरायला सांगा." सोबतच्या गुरुजींनी काही न बोलता यंत्र माझ्या हातातून घेतलं. त्यांना वाद टाळायचा असेल. दुचाकीवाल्याचं मी विसरलो, गुरुजींचं नाही.

एका दुपारी पन्नाशीचा एक माणूस आला. भाऊ वारला होता, मातीला जायचं होतं. पास नव्हता. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, "काय करायचं सर?" खरं तर ते मी ठरवायचं नव्हतंच. पण विचारलं गेलं होतं आणि मी म्हणालो, "पास तर लागतोच." आपण नियमात चोख असलेलं बरं, आपल्याला कुणी नावं ठेवायला नकोत, असं तेव्हा डोक्यात होतं. तो माणूस तासभर लिंबाखाली थांबला आणि मागे फिरला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पास नाही. परत.' अक्षर नेहमीसारखंच छान आलं होतं.

8 मे, शुक्रवार, चौदावा रोजा. सहरीनंतर लातुरात अब्बा गेले. कोरोना नव्हता, हृदय थांबलं. मी लगेच पाससाठी अर्ज केला. अंत्यविधीला 20 जणांची मर्यादा होती, रमजानची गर्मी होती, किती वेळ थांबणार? जोहरनंतर दफन झालं. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला होता. त्याचा हात हलत होता, मला बराच वेळ फक्त चपला दिसल्या. पास साडेचारला आला.

खरं सांगायचं तर सकाळी मला जाता आलं असतं. चेकपोस्टवर सगळे ओळखीचे होते, एक फोन पुरला असता. दोनदा नंबर काढला आणि लावला नाही. त्या लिंबाखालच्या माणसाला कुठल्या तोंडाने परत पाठवलं होतं मी? बायको आजही म्हणते, तो वेगळा, हे वेगळं. असेलही. संध्याकाळी पास हातात असताना अम्मीच म्हणाली, आता येऊन काय करतोस, तिथूनच दुआ कर.

वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना सांगायचो, आपण मिट्टी देतो, मराठीत मातीला जातात, गोष्ट एकच. मी दोन्ही केलं नाही.

20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली. 22 तारखेला निघालो. गणेश चतुर्थी होती, लोह्यात लोक मास्क लावून गणपती घरी नेत होते. आदल्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या 29 परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले होते, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं होतं. बातमी मोबाइलवर दोनदा वाचली. बरं वाटलं आणि उशीरही वाटला. चेकपोस्टचा मांडव तिथे नव्हता. लिंब होता.

कब्रस्तानात गेलो तर पावसाने माती बसली होती, वर गवत आलं होतं. मूठभर माती उचलायला वाकलो तर हातात चिखल आला. फातिहा पढून घरी गेलो. अम्मीची इद्दत संपायला अजून तीन-साडेतीन आठवडे होते. दुपट्टा सारखा करत तिने पहिलं हेच विचारलं, "रस्ते में कोई रोके तो नै ना?"

"नै अम्मी."