पुमलुमॉनची ओली वाट

मध्य वेल्समधील पुमलुमॉन हा डोंगर प्रथमदर्शनी कोणाला भुरळ घालत नाही. उंची अवघी ७५२ मीटर. ना सुळका, ना गर्दी. त्याची खरी ओळख पायाखाली होते.

साठी ओलांडलेला एक वाटसरू हाफ्रेनच्या अरण्यातून चढून वर आला. माथ्याजवळ एका लाकडी खांबापाशी काळसर पाण्याचे डबके होते. ३५४ किलोमीटर वाहणारी सेव्हर्न नदी येथे उगम पावते. काही किलोमीटरवर वाय नदीचा उगम. एकाच डोंगराच्या या दोन लेकी निरनिराळ्या वाटांनी जातात आणि समुद्राजवळ पुन्हा भेटतात.

पुढे शिखराकडे जाताना वाट पुसट झाली. वळसा टाळावा म्हणून त्याने सरळ पाऊल टाकले. हिरवेगार शेवाळ पाहून जमीन भक्कम वाटली. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. धडपडला असता तर अधिक रुतला असता. तो मागे रेलला, काठीचा आधार घेतला आणि हळूहळू पाय सोडवला. मागे एक काळा खड्डा उरला.

तो काळा चिखल म्हणजे पीट. पाण्याखाली शेवाळ पुरते कुजत नाही. थरावर थर साचतो, वर्षाला सुमारे १ मिलिमीटर. १ मीटर थरामागे जवळजवळ १००० वर्षांची बचत! ही ठेव पाणी धरून ठेवते. मात्र मोडायला ती फार सोपी. ब्रिटनमध्ये चराई आणि वृक्षलागवडीसाठी अशा जमिनींत चर खणले गेले. पाणी ओसरले, थर सुकला आणि साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला. आता अनेक ठिकाणी तेच चर बांध घालून अडवले जात आहेत. जे एका पिढीने उपसले, ते भरून काढण्यास कित्येक पिढ्या लागतील.

तेवढ्यात धुके उतरले. शिखर फार दूर नव्हते. इतक्या लांबून येऊन ते न गाठणे मनाला बोचत होते. परंतु पुढचे पाऊल कोठे पडेल हे दिसत नसताना चालत राहणे म्हणजे धैर्य नव्हे, हे त्या खड्ड्याने नुकतेच शिकवले होते. तो वळला. आपल्याच पाऊलखुणा शोधत खांबापाशी पोहोचला.

डबके पूर्ववत शांत होते. त्याच्या काठावरून पाण्याची बोटभर धार, कसलीही घाई न करता, समुद्राकडे निघाली होती.