दोन अंश

जुन्या मोटारगाडीविषयी आपल्या मनात एक ठरावीक चित्र असते. तिचे पत्रे गंजतात, रबर वाळते, बेअरिंगे वाजू लागतात. आणि तिला पुन्हा चालती करायची म्हणजे पाना, हातोडी आणि ग्रीस यांचेच काम, अशी आपली समजूत असते. गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत बनलेल्या अनेक गाड्यांच्या बाबतीत मात्र ही समजूत अपुरी पडते. त्या गाड्यांत आणखी एक अवयव आहे. तो गंजत नाही, वाजत नाही आणि बहुधा मालकाच्या दृष्टीसही पडत नाही. इंजिनाला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, हे ठरविणारी ती एक लहानशी संगणक-पेटी होय. या पेटीत लिहिलेले बदलले, की इंजिनाचा एकही स्क्रू न फिरविता गाडीचा स्वभाव बदलतो. हे कसे घडते आणि त्यातून एका घरात काय उलगडले, ते वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

पूर्वी हे काम कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर करीत. इंजिन वेगाने फिरू लागले की डिस्ट्रिब्युटरमधील लहान वजने बाहेर फेकली जात आणि ठिणगी थोडी लवकर पडे. सारा हिशेब स्प्रिंगच्या ताणावर चाले. १९६७ साली बॉश कंपनीची विजेवर नियंत्रित होणारी इंधन-फवारणी फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. पुढे १९७९ मध्ये बी. एम. डब्ल्यू. ७३२ आय या गाडीत इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे देण्यात आला. या व्यवस्थेस मोट्रॉनिक असे नाव आहे.

या संगणकाच्या पोटात असते ती आकड्यांची कोष्टके. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखीच त्यांची मांडणी. आडव्या ओळीत इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, उभ्या ओळीत इंजिनावरील भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. इतके फेरे आणि इतका भार असेल, तर ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वी अमुक अंश आधी पाडावी, असा त्याचा अर्थ. दोन चौकटींच्या मधली स्थिती आली, तर संगणक शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा काढतो. त्या काळच्या काही चिपांमध्ये अवघी ४,०९६ अक्षरांकांची जागा असे. प्रस्तुत लेख आजच्या संगणकात साठवावयाचा झाल्यास त्याहून कितीतरी अधिक जागा लागेल.

हे अंश म्हणजे किती सूक्ष्म गोष्ट आहे, ते पाहा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो आणि एका अंशास सेकंदाचा ३६,००० वा भाग. ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधील वायू एकदम पेटत नाही. ज्वाला पसरण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. ती जितकी योग्य वेळी पडेल, तितका पिस्टनला मिळणारा रेटा अधिक. परंतु ती फार आधी पडली, तर अजून न पेटलेला कोपऱ्यातील वायू दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतो आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. जर्मन लोक याला ‘क्लोप्फेन’, म्हणजे दार ठोठावणे, म्हणतात. हे ठोठावणे चालू राहिले, तर पिस्टन निकामी होण्यास फार काळ लागत नाही.

कारखान्यातील अभियंते म्हणूनच या सीमेपासून काही अंतर राखून आकडे लिहितात. त्यांची गाडी थंड प्रदेशात जाईल तशी उष्ण प्रदेशातही जाईल. कोणी उत्तम पेट्रोल भरील, कोणी हलके. शिवाय धुराचे नियम पाळावयाचे असतात. सर्वांसाठी लिहिलेल्या या आकड्यांत जी शिल्लक राहते, ती एकाच गाडीसाठी वापरून घेणे, यालाच संगणकाचे पुनर्लेखन म्हणतात. साध्या इंजिनात ही शिल्लक थोडी असते आणि लाभही थोडा. टर्बो असलेल्या इंजिनात मात्र हवेचा दाबही वाढविता येतो; त्यामुळे लाभ मोठा आणि जोखीमही तितकीच मोठी.

आता त्या घराविषयी. २०१६ च्या उन्हाळ्यात बव्हेरियातील एका खेड्यात आमचा महिनाभर मुक्काम होता. तेथील धर्मगुरू सुटीवर गेले म्हणजे त्यांच्या जागी आपल्याकडील धर्मगुरू जातात, हा परिपाठ अनेक वाचकांस ठाऊक असेल. आमच्या निवासाला लागूनच एका वृद्ध गृहस्थांचे कोठार होते. वय सत्तरीच्या पुढे, उभे आयुष्य लेथ यंत्रावर गेलेले, बोलणे मोजके. कोठारात ताडपत्रीखाली एक पोर्शे ९४४ टर्बो उभी होती. १९८६ सालची, अडीच लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, कारखान्याने दिलेली शक्ती २२० अश्वशक्ती. नाव पोर्शेचे असले, तरी या गाड्यांची जुळणी नेकार्सउल्म येथील आउडीच्या कारखान्यात होत असे.

गाडी त्यांच्या मुलाची. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या त्या मुलाने १९९६ मध्ये ती जुनी विकत घेतली आणि पुढच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातील टेबलावर बसून तिच्या दोन चिपा नव्याने लिहिल्या. या गाडीत पेट्या दोन असतात. एक इंधन आणि ठिणगी पाहते. दुसरी इंजिनाला बसविलेल्या संवेदकाकडून ठोठावण्याचा कानोसा घेते, ते आढळल्यास ठिणगी मागे घेते आणि टर्बोचा दाबही सांभाळते. मूळचा दाब वातावरणाच्या वर सुमारे ०.७५ बार. मुलाने तो वाढविला. पित्यास हे मान्य नव्हते. कारखान्यातले लोक मूर्ख नाहीत, असे ते म्हणत. ते सर्वांसाठी लिहितात, मी एका गाडीसाठी लिहितो, असे मुलगा म्हणे. वाद मिटला नाही. त्या दिवसानंतर वडील त्या गाडीत बसले नाहीत. २००३ मध्ये मुलगा कर्करोगाने गेला. पुढील तेरा वर्षे ते दर वसंतात कोठारातच इंजिन सुरू करून पाहत. त्या चिपांसह गाडी रस्त्यावर नेण्याचे धाडस त्यांना होत नव्हते आणि त्या काढून टाकण्याचेही.

त्या वर्षी गाडीस तीस वर्षे पूर्ण झाली. जर्मनीत १९९७ पासून अशा जुन्या वाहनांस ऐतिहासिक म्हणून वेगळी क्रमांकपट्टी मिळते. मात्र वाहन मूळ किंवा त्या काळास साजेशा स्थितीत असावे लागते आणि तज्ज्ञांकडून त्याची तपासणी होते. मंजुरीवाचून केलेला बदल तेथे चालत नाही. मूळ चिपा मुलाच्या कपाटात एका पत्र्याच्या डबीत सापडल्या. त्या परत बसवावयाच्या, असे वृद्ध गृहस्थांनी ठरविले. परंतु त्यापूर्वी मुलाने लिहिलेले वाचून, उतरवून ठेवावे, अशी त्यांची इच्छा होती.

याला तसेच कारण होते. या जुन्या चिपांतील अक्षरे म्हणजे काचेसारख्या थराने वेढलेल्या सूक्ष्म बेटांवर कोंडलेला विद्युत्भार असतो. इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये हा प्रकार शोधून काढला. चिपेच्या पाठीवर क्वार्ट्झची लहानशी खिडकी असते. तीतून अतिनील किरण सोडले की सारे पुसले जाते आणि चिप पुन्हा कोरी होते. म्हणूनच त्या खिडकीवर कागद चिकटवितात. उघडी राहिली, तर कडक उन्हात आठवडाभरात अक्षरे पुसली जाण्याचा धोका असतो. आणि कागद असला, तरी हा भार काही दशकांत हळूहळू गळतो. मुलाचे हस्ताक्षर आपल्या डोळ्यांदेखत विरत आहे, असे त्या पित्यास वाटे.

शेजारच्या गावातील एक तरुण तंत्रज्ञ वाचनयंत्र घेऊन आला. आम्ही कोठारातील बाकावर बसून पाहत होतो. प्रथम मूळ चिपा वाचल्या गेल्या, मग मुलाच्या. आणि दोहोंतील फरक पडद्यावर रंगीत चौकटींनी दिसू लागला. त्या तरुणाने आधीच सांगून ठेवले होते, की घरी लिहिलेल्या चिपांत बहुधा सरसकट सगळीकडे अंश वाढविलेले आढळतात. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “फादर, तो सगळ्याच गोष्टींत घाई करीत असे.”

मधल्या भारांच्या चौकटींत आकडे खरोखरच वाढविलेले होते. मग तो तरुण कोष्टकाच्या तळाशी, पूर्ण भाराच्या ओळींपाशी आला. या इंजिनाचा जोर ३,५०० फेऱ्यांच्या आसपास सर्वांत अधिक असतो. ठोठावण्याचे भयही तेथेच. तेथे तो थांबला. “येथे त्याने कमी केले आहे,” तो म्हणाला. “दोन अंश. आणि इंधन वाढविले आहे.”

“कारखान्यापेक्षा कमी?” वृद्धांनी विचारले. त्यांनी ती चौकट पुन्हा दाखवावयास सांगितली आणि मग आणखी एकदा.

तरुणाने समजावून सांगितले. दाब वाढविल्यावर सिलिंडरमध्ये वायू अधिक दाटतो आणि ज्वाला लवकर पसरते. तेव्हा ठिणगी मागे घेणेच शहाणपणाचे. अधिक इंधन ज्वलनास थंडावा देते. ज्याला नुसता वेग हवा असतो, तो हे करीत नाही. कानोसा घेणाऱ्या पेटीचे कान तेवढे बंद करून टाकतो. या मुलाने त्या पेटीच्या कानांना हात लावलेला नव्हता.

वृद्ध गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे त्याने मला कधी सांगितले नाही.” आणि थोड्या वेळाने, “मी विचारलेही नव्हते.”

त्यावर काही बोलावे, असे आम्हांस वाटले नाही. तरुणाने दोन्ही लेखांच्या प्रती काढल्या, मूळ चिपा पेट्यांत बसविल्या आणि इंजिन सुरू झाले.

त्या वर्षी जर्मनीत मोटारींच्या संगणकांविषयी घरोघरी बोलले जात होते. आदल्या वर्षी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीस नोटीस बजावली होती. कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणक आपली तपासणी चालू आहे हे ओळखीत आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवीत. रस्त्यावर आल्यावर मात्र नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडत. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही व्यवस्था असल्याचे कंपनीने मान्य केले. साधन तेच, पेटी, कोष्टक आणि आकडे. एका ठिकाणी जाणत्या अभियंत्यांच्या संस्थेने परीक्षकासाठी एक आणि जगासाठी दुसरे असे लिहिले. दुसऱ्या ठिकाणी एका मुलाने स्वयंपाकघरात, कोणी कधी पाहणार नाही अशा चौकटीत, दोन अंश कमी केले. तरीही मुलाची चिप रस्त्यावर मंजुरीवाचून चालली होती, हेही खरे आहे. वृद्ध गृहस्थांनी ते कधी झाकले नाही. मूळ चिपा परत बसविण्याचा त्यांचा निर्णय त्या दोन अंशांनी बदलला नाही.

आपल्याकडील तरुणही आता हे काम करतात. त्यांना चिप उपसावी लागत नाही. गाडीच्या जोडखाचेत लॅपटॉप लावला की पुरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांस बंदी आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. घरातील मुलगा अशा उद्योगात असेल, तर त्यास रागे भरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याच्या शेजारी बसून ते कोष्टक एकदा पाहावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. कोणते आकडे वाढविलेस, हे तर विचारावेच. कोणते कमी केलेस, हेही विचारावे.

त्या गाडीस पुढील वसंतात ऐतिहासिक क्रमांकपट्टी मिळाली. मुलाच्या चिपा खिडकीवर नवा कागद लावून त्याच पत्र्याच्या डबीत ठेवल्या आहेत. दर नाताळास वृद्ध गृहस्थांचे पत्र येते. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिले होते, की गाडी आता रविवारी बाहेर काढतो; चढावर ती थोडी मंद वाटते, आणि मुलगा बरोबर असता तर त्याने हे आपल्याला नक्कीच ऐकविले असते.