सात किलोंची पाठपिशवी

साठी उलटलेल्या माणसाने पाठीवर पिशवी घेऊन, स्वस्त खोल्यांत उतरत, रेल्वेने आणि बोटीने परदेश पाहण्याची इच्छा बोलून दाखवली, की घरातून दोन प्रकारची उत्तरे येतात. एक हसण्याचे, दुसरे काळजीचे. हसण्याची दखल घेण्याचे कारण नाही. काळजीची मात्र घ्यावी लागते, कारण तिच्यात तथ्य असते. भंडारा जिल्ह्यातील आम्ही दोघी, मी सहासष्ट वर्षांची आणि माझ्या थोरल्या नणंदबाई एकाहत्तरच्या, बँकॉकपासून क्वालालंपूरपर्यंत तीन आठवडे अशा रीतीने हिंडून आलो. ज्यांना जावेसे वाटते आणि ज्यांना पाठवायला भीती वाटते, अशा दोन्ही वाचकांसाठी हे लिहीत आहे.

नणंदबाई पवनीला राहतात. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या यजमानांची शुश्रूषा त्यांनी नऊ वर्षे केली. ते गेले आणि बाईंचा घराबाहेर पडण्याचा सरावच मोडला. दाराशी येणारी भाजी, दाराशी येणारे दूध, आणि दिवसभर खुर्ची. वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन, उजव्या गुडघ्याची झीज. डॉक्टरांनी चालायला सांगितले, की त्या विचारत, ‘कुठं जाऊ चालत?’ प्रश्न खरा होता. शुश्रूषा करणाऱ्याचे शरीर थकते हे सर्वांना दिसते. पण शुश्रूषा संपल्यावर त्याच्या दिवसाला कोणतीच दिशा उरत नाही, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

सहल कंपन्यांची माहितीपत्रके आम्ही पाहिली होती. सहा दिवसांत तीन शहरे, पहाटे पाचला सामान दाराबाहेर, दिवसभर बस. तो वेग बाईंना झेपला नसता. कमी पैशांच्या प्रवासाचा मोठा गुण मला येथे दिसला : तो संथ असतो. स्वस्त खोलीत चार दिवस राहता येते, त्यामुळे एक दिवस काहीच न पाहता घालवला तरी जीव तुटत नाही. मी मुलाला हेच समजावले. त्याचे समाधान झाले नाही. त्याने फक्त इतकेच म्हटले, ‘आत्याला काही झालं तर तू एकटी काय करशील?’ या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यात आमचे दोन महिने गेले.

उत्तराचा पहिला भाग पिशवी. स्वस्त विमानांत हातसामानाची मर्यादा बहुधा सात किलो असते, आणि गुडघ्याची मर्यादाही जवळपास तेवढीच. प्रत्येकी तीन जोड कपडे, एक पंचा, पायाला घट्ट बसणाऱ्या वहाणा. उरलेल्या जागेत औषधे, तीही दुप्पट दिवसांची आणि दोघींच्या पिशव्यांत विभागून. इन्सुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीही देऊ नये. तेथे ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. औषधांच्या पट्ट्या मूळ वेष्टनात असाव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्याकडचे छाप तिकडच्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात, ‘मेटफॉर्मिन’ हा शब्द मात्र सर्वत्र चालतो. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांविषयी त्या-त्या देशाचे नियम आधी वाचावेत. ते कडक आहेत. सिंगापूर आमच्या वाटेवर नव्हते. पण तेथे साधी खसखसही निषिद्ध आहे, हे सावजी मसाल्याची पुडी सोबत घेणाऱ्या आपल्या विदर्भकरांनी लक्षात ठेवावे. प्रवासविमा घेताना आधीचे आजार स्पष्ट नोंदवावेत आणि त्यांतील कशासाठी विमा मिळतो, कशासाठी नाही, ते बारीक अक्षरांतले पान घरातल्या तरुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट घड्याळाची. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे, मलेशिया अडीच तास. फरक थोडा असला तरी इन्सुलिन घेणाऱ्याला तो विचारात घ्यावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी प्रवासाच्या दिवसांचे वेळापत्रक कागदावर लिहून दिले. बाईंनी यजमानांचे जुने घड्याळ उजव्या मनगटावर भंडाऱ्याच्या वेळेत ठेवले आणि आपले डाव्या मनगटावर तिकडच्या वेळेत.

वरठीच्या भंडारा रोड स्थानकातून आम्ही हावड्याची गाडी धरली. कोलकात्याहून बँकॉक विमानाने सुमारे अडीच तास. तेथे पंख्याची खोली घेतली. अट एकच होती, तळमजला. चाओ फ्राया नदीतील प्रवासी बोटी स्वस्त, वाऱ्याच्या आणि बसायला सोयीच्या. मात्र धक्क्यावर बोट क्षणभरच टेकते, म्हणून उतरणाऱ्यांच्या रांगेत आधीपासून उभे राहावे लागते. लुम्फिनी उद्यानात सकाळी आमच्या वयाची माणसे संथ लयीत हातपाय हलवत व्यायाम करीत होती आणि तळ्याकाठी माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी निवांत फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी बाई त्या मंडळींच्या मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. भाषा कळत नव्हती, पण हात वर करायला भाषा लागत नाही.

बाई माळकरी. तिकडे माशाचा रस्सा जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो. पिवळ्या निशाणावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेल्या ठेल्यांवर शुद्ध शाकाहारी मिळते. त्यात कांदा-लसूणही नसतो. शाकाहाराला थाई भाषेत ‘मंगसविरत’ म्हणतात, म्हणजे मांस आणि विरती. हे कळल्यावर बाई तो शब्द अभंगाच्या चालीवर म्हणत बाजारातून फिरल्या. तांदूळ मात्र त्यांनी नापसंत केला. भाताच्या जिल्ह्यातून आलेल्या बाईचे ते मत मी नोंदवून ठेवते. पण वैद्यकीय कारणही आहे. तो सुवासिक मऊ भात रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. आम्ही भात अर्धा आणि भाज्या दुप्पट मागत असू. तयार पदार्थांतही साखर घालण्याची तिकडे रीत आहे, ती ‘नको’ म्हणून आधीच सांगावी लागते.

एका विहारात नागाच्या फण्याखाली बसलेली बुद्धमूर्ती दिसली. तेथे प्रत्येक वाराची बुद्धमूर्ती वेगळी, ही शनिवारची. पवनीच्या १९६९-७० सालच्या उत्खननात मुचलिंद नागाचे शिल्प सापडले होते. बाईंनी ते नाव गावात ऐकलेले होते. ‘हा तर आपल्याकडचा,’ म्हणाल्या आणि बराच वेळ तेथेच बसून राहिल्या. मला वाटते, परका देश त्या क्षणी त्यांना ओळखीचा झाला.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने सुरत थानी, तेथून बसने डोन्साकचा धक्का आणि मग समुई बेटाची मोठी बोट. गाडीत आम्ही दोन्ही बर्थ खालच्या घेतल्या. त्या वरच्यापेक्षा रुंद असतात आणि थोड्या महागही. सकाळचे इन्सुलिन घेऊन बाईंनी वेळेवर नाश्ता केला होता. पण धक्क्यावर पावसाने बोट अडली, आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळली. मिश्र इन्सुलिनचा एक भाग दुपारी जोर धरतो. तेव्हा पोटात अन्न असावेच लागते.

बोट सुटल्यावर बाई गप्प झाल्या. समुद्रावरच्या दमटपणात घाम सर्वांनाच आला होता. त्यांचा हात हाती घेतला, तो थंड लागला. मी वार विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि यजमानांचे जेवण झाले का, असे विचारले.

तपासणी यंत्राने ५८ दाखवले. घरी ठरवून ठेवले होते तसे केले : तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यात, आणि पंधरा मिनिटांची वाट. त्या पंधरा मिनिटांत मुलाचा प्रश्न मला अक्षरशः ऐकू येत होता. समोरच्या बाकावरची एक थाई बाई काही न बोलता उठली आणि नणंदबाईंना वारा घालू लागली. पुन्हा तपासले तेव्हा ७६. मग केळे, बिस्किटे. बाई भानावर आल्या आणि त्यांनी आधी दोन्ही घड्याळे पाहिली. काळजी घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल तरच तोंडाने साखर द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट वैद्यकीय मदत मागवावी.

त्या रात्री मुलाला सर्व सांगितले, आकड्यांसह. तो ‘परत या’ म्हणेल असे वाटले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग आत्याशी बोलला. बाई म्हणाल्या, ‘अरे, हे घरीही झालं होतं दोनदा. तेव्हा मी एकटी होते.’ ही गोष्ट आम्हा दोघांनाही तोपर्यंत ठाऊक नव्हती. मुलाने अट घातली : रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे त्याला पाठवायचे आणि खाण्याची वेळ टळणार असे दिसले, तर प्रवास तेथेच थांबवायचा. फोनवरून डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनची मात्रा बदलून घेतली. पुढच्या गाडीची तिकिटे सोडून दिली, पैसे बुडाले, आणि समुईत चार दिवस नारळाच्या झाडांखाली बसून काढले. काटकसर कोठे करायची नाही, हे त्या तिकिटांनी मला शिकवले : विश्रांती, खालची बर्थ, औषध आणि विमा.

पुढे पादांग बेसार येथे सीमा ओलांडून बटरवर्थ आणि तेथून बोटीने पिनांग. जॉर्जटाउनच्या जुन्या वस्तीला २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील दुकानांपुढच्या छताखालच्या पायवाटा सावलीच्या खऱ्या, पण प्रत्येक दुकानाची पायरी वेगळ्या उंचीची. गुडघेदुखी असणाऱ्याने खालीच पाहून चालावे. शहराच्या मध्यभागी फिरणारी एक बस विनामूल्य आहे. आम्ही एका दिवशी तिच्यातून दोन फेऱ्या केवळ बसण्यासाठी मारल्या. तमिळ खाणावळीत केळीच्या पानावर वरणभात मिळाला तेव्हा बाईंनी माझ्याशी पाऊण तास काहीही न बोलता जेवण केले.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी सांगते : विमानभाडे आणि विमा वगळता दोघींचा मिळून रोजचा खर्च साडेतीन ते चार हजार रुपये आला. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

आता बाईंना जावातील बोरोबुदूर पाहायचे आहे. तेथे वर चढणाऱ्यांना खास वहाणा देतात आणि त्यांना ‘उपानत’ म्हणतात, हे मी त्यांना सांगितले. संस्कृतातला ‘उपानह’ शब्द तो हाच. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पवनीला वैनगंगेच्या घाटावर बाई रोज सकाळी कठड्याला धरून पायऱ्या चढतात. साखरेच्या वहीत एक नवा रकाना आखला आहे, पायऱ्यांचा. काल त्यात एकेचाळीस लिहिले होते.