कोपऱ्यातले नाव

आईच्या छातीचा सी. टी. स्कॅन झाला त्या संध्याकाळी मी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. वरच्या कोपऱ्यात आईचे नाव, वय आणि तारीख पांढऱ्या अक्षरांत उमटली होती. खाली मी लिहिले, ‘डाव्या फुफ्फुसात गाठ आहे,’ आणि तो फोटो दुबईतल्या धाकट्या भावाला धाडला. त्याने काळजीपोटी मावसभावाला पाठवला. पुढे तो कोठे कोठे हिंडला, देव जाणे. रविवारी मिस्सा आटोपून चर्चमधून बाहेर पडताना शेजारच्या बाईंनी आईचा हात धरून विचारले, “ऑपरेशन कधी गं, बाय?”

गाठीविषयी आम्ही आईला तोवर काहीच सांगितले नव्हते.

व्हॉट्सॲपचे सारे संदेश २०१६ पासून कुलूपबंद जातात. वाटेत ते कोणी फोडले नव्हते. कुलूप शाबूत होते आणि गुपित गावभर झाले होते! या विसंगतीनेच मला या विषयाच्या वाचनाकडे वळवले.

रुग्णालयातील अशी चित्रे ‘डायकॉम’ नावाच्या प्रमाण पद्धतीने साठवतात. चित्राला रुग्णाचे नाव, जन्मतारीख असा मजकूर जोडलेला असतो. गुप्त किल्ली वापरून हा सारा ऐवज संगणकाला निरर्थक आकड्यांत बदलता येतो, त्यासाठीची ‘ए. ई. एस.’ ही पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण मानली. दुसरा उपाय मला अधिक मोहक वाटला : नाव चित्राशेजारी न ठेवता चित्रातच लपवणे. साध्या करड्या चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ यांतील एक आकडा. तो एकाने कमीजास्त झाला तर डोळ्याला कळत नाही. अशा असंख्य सूक्ष्म बदलांतून मजकूर लिहिता येतो. पण डॉक्टरांचे निदान कधी कधी एखाद्या पुसट सावलीवरच अवलंबून असते. म्हणून मजकूर काढून घेतल्यावर मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळावे, अशाही रीती संशोधकांनी शोधल्या आहेत. किल्ली नसलेल्याच्या लेखी मग ती केवळ कोणाची तरी फुफ्फुसे.

आमच्या फिल्मचा कोपरा असा कोरा असता, तरी खालची ओळ माझ्याच हातची होती. आईला न विचारता लिहिलेली.

परवा पुन्हा तपासणी झाली. आईने पाकीट माझ्या हाती दिले नाही, रिक्षात ते स्वतःच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, “या खेपेस आधी मला वाचून दाखव. मग भावाला कळव.”