तीस टक्क्यांचा नियम

मी पुण्यात एका छोट्या पेमेंट अ‍ॅपचा बॅकएंड लिहितो. नाव सांगत नाही. सांगितलं तरी ते तुमच्या फोनमध्ये नसणार. आमचं अ‍ॅप स्लो नाही. स्कॅन केल्यानंतर पैसे हलवायचं खरं काम बँका आणि एनपीसीआयच करतात, कुठलंही अ‍ॅप घ्या. 2016 साली यूपीआय आलं तेव्हा कल्पनाच ती होती: रस्ता सगळ्यांचा, गाडी कुणीही आणावी.

आज पाचातले चार व्यवहार दोनच गाड्यांतून जातात. एक वॉलमार्टच्या मालकीचं फोनपे, दुसरं गूगल पे.

हे सरकारी लोकांना दिसत नव्हतं असं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये एनपीसीआयने नियम काढला: मागच्या तीन महिन्यांतल्या एकूण व्यवहारांपैकी 30 टक्क्यांहून जास्त एका अ‍ॅपकडे नकोत. आधीच पुढे गेलेल्यांना 2022 अखेरपर्यंत मुदत. मग 2024. आता डिसेंबर 2026. कार्यपद्धतीसुद्धा लिहिलेली आहे: 25 टक्क्यांच्या वर पहिला इशारा, 27 च्या वर दुसरा, 30 ओलांडले की नवे ग्राहक घेणं बंद. तीन इफ. दहा मिनिटांचं काम. अवघड आहे ती त्यानंतरची स्क्रीन, जिच्यावर नुकतंच बँक खातं उघडलेल्या पोराला ‘सध्या तुम्हाला घेता येणार नाही’ असं सांगायचंय. ती स्क्रीन कुणालाच नकोय, दिल्लीलाही नाही.

माझ्या मते मूळ दुखणं वेगळंच आहे. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडून फी घेता येत नाही. भाजीवालीसाठी हे उत्तमच, तिच्याकडून एक पैसाही घेऊ नये. पण मॉलमधल्या शोरूमलाही तेच फुकट का? जिथे कमाईच नाही तिथे तोटा सोसायला मागे कुणी मोठा लागतो. गूगल पे 2017 मध्ये ‘तेज’ नावाने आलं तेव्हाची स्क्रॅच कार्डं आठवतात? आमचा कॅशबॅक एक महिना चालला. सरकार छोट्या व्यवहारांसाठी प्रोत्साहन देतं, 2024-25 साठी 1,500 कोटी. पण ते व्यवहारांच्या हिशोबाने मिळतं. म्हणजे ज्याच्याकडे व्यवहार जास्त, त्याच्याकडेच जास्त.

आमच्या फाउंडरच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘कॅप लागू झाल्यावर’ अशी एक स्लाइड आहे. ती अपडेट करायचं काम माझ्याकडे असतं. स्लाइड तीच, मी फक्त साल बदलतो.